एक तृतीयांशाची रुजवात

मंगळवार, ६ मे

मी डायरी लिहिणाऱ्यांतली नाही. स्वतःच्या मनाचे पापुद्रे काढत बसायला मला कधी वेळ नव्हता, आवड त्याहून नव्हती. तरी आज वही उघडली, त्याला कारण एकच. उद्यापासून सूनबाईच्या शोधनिबंधाच्या फायलींना माझा हात लागणार आहे. नोंदणी कचेरीच्या नक्कल विभागात माझी सगळी नोकरी गेली. तिथला पहिला नियम असा की, दुसऱ्याच्या कागदाला हात लावलास तर कधी लावलास, काय केलंस आणि कुणाच्या सांगण्यावरून केलंस ते लिहून ठेव. उद्या काही वरखाली झालं तर "मला आठवत नाही" म्हणायची पाळी माझ्यावर येता कामा नये.

परिस्थिती अशी. सून कॉलेजात गणित शिकवते, पण हंगामी. जुलैत निवड समिती बसेल. तोवर तिचा एक निबंध छापण्यासाठी स्वीकारला गेला असेल तर ती कायम, नाहीतर नमस्कार. निबंध परीक्षकांकडून आक्षेपांसह परत आला आहे. दुरुस्त करून दोन प्रती पाठवायच्या: एक स्वच्छ आणि एक खुणांची. खुणांच्या प्रतीत जुन्या आणि नव्या मजकुरातला प्रत्येक फरक दिसला पाहिजे. मुदत १९ तारखेची. एकदा वाढवून घेतलेली आहे, पुन्हा वाढणार नाही.

आणि तिच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. शनिवारी शस्त्रक्रिया झाली. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला आहे. तो पडद्याला टेकून राहावा म्हणून तिने मान खाली घालून राहायचं; बसताना, निजताना, जेवतानासुद्धा. वाचायचं नाही, संगणक तर नाहीच. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "मान वर केलीत तर माझी मेहनत पाण्यात आणि तुमचा डोळाही."

आज दुपारी ती टेबलावरच्या उशीच्या कड्यात कपाळ टेकवून बसली होती. फरशीकडे बघत मला म्हणाली, "आई, तुम्ही कराल?"

"मला काय येतं त्यातलं?"

"तुम्हाला कागद ताडून बघता येतात. तेवढंच करायचंय."

तेवढंच, म्हणे! गणितात पदवी घेतली तेव्हा मी वीस वर्षांची होते. त्यानंतर मी फक्त व्याजाची गणितं केली आहेत. हो म्हणाले. घरात रिकामी मीच.

गुरुवार, ८ मे

निबंध ज्यात लिहिला आहे त्याला लाटेक म्हणतात. जेवताना हे नाव ऐकून चिरंजीव म्हणाले, "लॅटेक्स? माझ्या दवाखान्यात खोकाभर हातमोजे आहेत, हवे तेवढे घ्या." दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांना आ करायला लावतो आणि घरी आला की असल्या विनोदासाठी स्वतः तोंड उघडतो. सूनबाई फरशीला उद्देशून म्हणाली, "हसवू नकोस रे, मान दुखते."

हा प्रकार मला वाटला तितका वाईट नाही. छापील पानावर जे दिसतं ते इथे आधी आज्ञा देऊन लिहायचं: इथे शीर्षक, इथे समीकरण, इथे समीकरण संपलं. प्रत्येक आज्ञेच्या आधी उलटी तिरकी रेघ. उघडलेलं बंद केलं नाही तर यंत्र ओरडतं. शिस्त आहे. मला शिस्तीचा त्रास होत नाही, शिस्त नसणाऱ्यांचा होतो.

दोन प्रती ताडून पाहणारा एक प्रोग्रॅम आहे. जुनी फाइल द्यायची, नवी द्यायची, तो तिसरी काढून देतो. काढून टाकलेलं लाल आणि खोडलेलं, नवीन घातलेलं निळं आणि खाली नागमोडी रेघ. आमच्याकडे हे काम दोन माणसं करत. एकाने मूळ मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून ऐकायचं. आम्ही त्याला रुजवात म्हणत असू. स्वल्पविरामसुद्धा "स्वल्पविराम" असा वाचायचा. त्यात आमचे घसे बसत. इथे कळ दाबली की झालं.

संध्याकाळी कॉलेजच्या संगणक विभागातली मुलगी फळं घेऊन आली होती. म्हणाली, "मॅडम, हे मी एका दुपारात करून देते. आजींना कशाला त्रास?" सूनबाई म्हणाली, "नको गं. माझ्या घरात माणूस आहे." घरात फुकटचं माणूस असताना बाहेरचे उपकार कशाला, असा हिशेब असावा. योग्यच आहे. पण मला आजी म्हणायचं काही कारण नव्हतं.

शुक्रवार, ९ मे

आज जे झालं ते लिहिताना मला राग आवरत नाही, पण लिहिते.

जुन्या आणि नव्या प्रतीची मुख्य फाइल घेतली, प्रोग्रॅम चालवला. सगळी पानं काळी. एक लाल शब्द नाही, निळा नाही. पुन्हा चालवला. तेच. म्हणजे दोन्ही प्रती सारख्या. जानेवारीपासून ही बाई खोलीचं दार लावून बसते, ताट झाकून ठेवावं लागतं, नवरा एकटा जेवतो, आणि निबंध जिथल्या तिथे!

मी तडक तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हणजे तिला माझी पावलं दिसतील अशी.

"चार महिने दार लावून काय करत होतीस?"

"म्हणजे?"

"दोन्ही प्रती ताडून पाहिल्या. एक स्वल्पविरामही हललेला नाही."

उशीतून बारीक आवाज आला, "आई, असं होणारच नाही."

"यंत्राला तुझ्याशी वैर आहे का?"

तेवढ्यात तिच्या सहलेखकांचा फोन आला. हे गृहस्थ दुसऱ्या कॉलेजात असतात. बोलताना समोरच्याचं वाक्य स्वतःच पुरं करतात, म्हणून मी त्यांना उतावळे म्हणते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो, तशातले. त्यांनी विचारलं, कुठवर आलं? मी सांगून टाकलं, काहीच झालेलं नाही, प्रती सारख्या आहेत. ते म्हणाले, "अरेरे! मग तिच्या विभागप्रमुखांच्या कानावर घालायला हवं."

सूनबाई जेवली नाही. मीही आग्रह केला नाही.

रविवार, ११ मे

चूक माझी.

सकाळी खात्री करायला मुख्य फाइल उघडून स्वतः वाचली. तिच्यात निबंध नाहीच! जेमतेम पानभर आज्ञा आहेत: प्रस्तावनेची फाइल इथे आणा, सिद्धतेची फाइल तिथे आणा. मजकूर सगळा त्या आतल्या फायलींत. मी दोन बासनांची वेष्टनं ताडून पाहिली होती आणि आतले दस्तऐवज सारखे आहेत असा दाखला देऊन मोकळी झाले होते. माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर त्याला मी आठवडाभर दौती पुसायला बसवलं असतं.

सूनबाईला जसंच्या तसं सांगितलं. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे, म्हणून पाण्याचा पेला पुढे केला. ती हसत होती.

"आई, पहिल्यांदा मीही हेच केलं होतं. सगळेच करतात."

"मी सगळ्यांतली नाही."

त्यावर आणखीच हसली. "हसू नकोस, बुडबुडा हलेल," असं मी दरडावलं तेव्हा कुठे थांबली. मग तिने सांगितलं: प्रोग्रॅमला हाक मारताना आधी दोन आडव्या रेघा आणि ‘फ्लॅटन’ हा शब्द घालायचा. मग तो आतल्या सगळ्या फायली एकात एक उलगडून, सपाट करून मग ताडतो.

"हे शुक्रवारी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही निकाल दिलात."

हे खरं आहे.

पुन्हा चालवलं. पानामागून पान लाल आणि निळं. एक सिद्धता तर मुळापासून खोडलेली आणि शेजारी दुप्पट लांबीची निळी. चार महिने बंद दाराआड काय चाललं होतं ते आज दिसलं. मी पडद्यावर एकेक पान सरकवत गेले.

मग उतावळ्यांना फोन केला आणि विभागप्रमुखांनाही. दोघांना सांगितलं, परवाचं विधान चुकीचं होतं, चूक सुनेची नसून माझी आहे, कृपया तशी नोंद घ्यावी. विभागप्रमुख म्हणाले, "अहो, फोन कशाला करायचा एवढ्यासाठी?" एवढ्यासाठीच करायचा असतो.

सोमवार, १२ मे

डॉक्टरीणबाईंकडे नेऊन आणलं. त्या म्हणाल्या, डोळ्यापुढे काळं पडतंय हे फेब्रुवारीतच कळलं असणार, तेव्हा का आला नाहीत? सूनबाई म्हणाली, "निबंध व्हायचा होता." घरी येताना गाडीत मी तिला चांगली झापली. डोळे दोनच असतात, निबंध हवे तेवढे लिहिता येतात, वगैरे. चिरंजीव गाडी चालवताना गालात हसत होते. त्यांनाही झापलं.

बुधवार, १४ मे

परीक्षकांना द्यायची उत्तरं. मी आक्षेप वाचते, ती फरशीला उत्तर सांगते, मी टंकते. काही आक्षेप अगदी किरकोळ. दुसरा मात्र जिवावरचा.

मला समजलं ते असं. एखादी गोष्ट पुढे कशी बदलत जाईल ते लहान लहान पावलं टाकत मोजायचं. पाऊल लहान असेल तर वेळ फार लागतो. मोठं टाकलं तर उत्तर हळूहळू भलतंच वाढत जातं आणि सगळं गणित कोसळतं. पाऊल किती मोठं टाकलेलं चालेल, हा निबंधाचा विषय. पहिल्या प्रतीत सूनबाई आणि उतावळे यांनी लिहिलं होतं, एक द्वितीयांशापर्यंत कसलीच भीती नाही. परीक्षकाने दोन पंचमांशाचं पाऊल टाकून गणित कोसळवून दाखवलं. मग सूनबाईने जुनी सिद्धता फेकून देऊन नवी लिहिली. नव्या सिद्धतेनुसार एक तृतीयांशापर्यंत निर्धास्त.

"अर्ध्याचं तृतीयांश झालं," मी म्हटलं. "म्हणजे पदरात कमीच पडलं की."

"कमी पडलं, पण खरं पडलं."

हे उत्तर मला आवडलं. तिला सांगितलं नाही.

नंतर ती नवी सिद्धता मी माझ्यासाठी म्हणून वाचायला घेतली. तिसऱ्या ओळीवर अडले. तिला विचारलं. तिने सांगितलं. सातव्या ओळीवर पुन्हा अडले, तिथे मात्र विचारलं नाही. भाजी चिरता चिरता आपोआप सुटलं. विळी ठेवून तिला सांगायला गेले. ती म्हणाली, "बरोबर!" कॉलेज सोडल्यापासून मला गणितात कुणी बरोबर म्हटलं नव्हतं. त्या नादात नंतर चुलीवर भाजी जरा लागली.

शुक्रवार, १६ मे

प्रस्तावना आणि समारोप सुधारायचं काम उतावळ्यांकडे होतं. आज त्यांनी सगळाच्या सगळा फोल्डर परत पाठवला. आमची प्रत आणि त्यांची प्रत ताडून पाहिली, या वेळी सपाट करून. प्रस्तावनेत निळं, समारोपात थोडं लाल. सिद्धतेची पानं काळी, म्हणजे त्यांनी तिकडे हात लावलेला नाही. उत्तम. पुढच्या कामाला त्यांचाच फोल्डर धरला.

त्यांचा फोन आलाच. "झालं ना? मग आजच पाठवून—"

"टाकणार नाही. रुजवात व्हायची आहे."

"कसली वात?"

समजावून सांगितलं: जी प्रत बाहेर जाणार ती छापून शेवटची एकदा मोठ्याने वाचायची आणि जिला मूळ ठाऊक आहे तिने ऐकायची.

"अहो बाई, प्रोग्रॅमने अक्षर न् अक्षर पाहिलंय. आता माणसाने वाचून काय मिळणार?"

"घसा बसेल. दुसरं काही मिळालं तर कळवते."

"गेल्या शुक्रवारी तर तुमचा प्रोग्रॅमवर फार विश्वास होता!"

लागलं. पण टोमणा रास्त होता, म्हणून ऐकून घेतला.

शनिवार, १७ मे

उतावळ्यांचं कालचं मत धरून आज घरात मतदान झालं आणि मी हरले. चिरंजीव म्हणाले, "आई, हट्ट सोड. तिची मान धरली आहे. सगळा निबंध मोठ्याने म्हणजे दीड दिवस. काही राहिलंय असं वाटतंय का तुला?"

"वाटत नाही."

"मग?"

"वाटत नाही म्हणूनच."

"हा हट्ट सासूचा की कारकुनाचा?"

"कारकुनाचा. सासूचा असता तर तू विचारायला धजला नसतास."

प्रश्न मात्र खरा होता. दुपारभर विचार केला. मी आठ दिवसांपूर्वी तोंडावर आपटले आहे. आता केवळ माझी पत सावरण्यासाठी त्या पोरीला वेठीला धरते आहे का? प्रोग्रॅम चांगला आहे, मी त्याचं वागणं आता ओळखते. संध्याकाळी जाऊन तिला सांगितलं, राहू दे, सोमवारी सकाळी पाठवून टाकू.

उशीतून आवाज आला, "का? तुमच्या विभागात एखादा दस्तऐवज रुजवातीशिवाय बाहेर गेला होता का कधी?"

"नाही."

"मग माझाच का जावा?"

हिला मान दुखत असताना हे कशाला सुचतं, कळत नाही. उद्या सकाळी बसायचं ठरलं.

रविवार, १८ मे

नाश्ता आटोपून बसलो. ती उशीच्या कड्यात, मी शेजारी, हातात छापलेली पानं आणि पट्टी. मूळ प्रत तिच्या डोक्यात. त्यासाठी डोळे लागत नाहीत. सवय गेली असेल असं वाटलं होतं, पण पहिल्याच पानावर घशाला जुना ठेका सापडला. "समजा, स्वल्पविराम, पाऊल शून्याहून मोठं आहे, पूर्णविराम." ती मध्येच हुंकार देई. प्रस्तावना झाली. उतावळ्यांची भाषा गोड आहे, हे मान्य करते. दुसरं प्रकरण झालं. जेवलो. मग मुख्य प्रमेय.

मी वाचलं, "पाऊल एक द्वितीयांशाहून लहान किंवा तेवढंच असेल, स्वल्पविराम, तर—"

"थांब."

थांबले.

"काय वाचलंस?"

"एक द्वितीयांशाहून लहान."

"तृतीयांश आहे ते. आई, नीट बघ ना!"

"मी नीटच बघते. एकावर दोन. पट्टी लावून बघते."

ती एकदम उठायला गेली. मी हात ठेवून तिचं डोकं होतं तिथे दाबून धरलं. "मान वर करायची नाही. डोळा गेला तर तृतीयांशाचं लोणचं घालणार आहेस का?" तसाच हात ठेवून दुसऱ्या हाताने मी पुढची पानं उलटली. जिथे जिथे पाऊल, तिथे तिथे एक द्वितीयांश. परीक्षकाने खोटा ठरवलेला आकडा, नव्या सिद्धतेच्या बरोब्बर मध्यभागी, ऐटीत बसलेला! आणि खुणांच्या प्रतीत त्याच्यावर ना लाल ना निळं.

"फाइल उघडा," ती म्हणाली. "त्या ओळीत काय लिहिलंय?"

फाइलमध्ये द्वितीयांशही नव्हता, तृतीयांशही नव्हता. उलटी रेघ आणि ‘स्टेप’. बस्स.

मग उलगडा झाला. पुन्हा पुन्हा आकडा लिहायला नको म्हणून तिने त्याला एक टोपणनाव देऊन ठेवलं होतं. त्या टोपणनावाचा अर्थ काय, हे सुरुवातीच्या एका वेगळ्या फाइलमध्ये एकदाच लिहिलेलं. ती फाइल पानावर छापली जात नाही. तिथला फरक प्रोग्रॅम कळेल असा दाखवत नाही, आणि मजकुरात टोपणनाव तेच, म्हणून तिथेही फरक नाही. आमच्या फोल्डरमध्ये त्या नावाचा अर्थ एक तृतीयांश. उतावळ्यांच्या फोल्डरमध्ये एक द्वितीयांश. त्यांच्याकडे ती एक फाइल जुनी राहून गेली होती आणि फोल्डरबरोबर आमच्याकडे आली.

नाव तेच ठेवून माणूस बदलला होता. अशा भानगडी आमच्या कचेरीत पुष्कळ येत. दरवेळी रुजवातीतच सापडत.

एक गोष्ट नोंदवून ठेवते. गडबडीत ती माझ्याशी एकेरीवर आली होती. नंतर तिच्या लक्षात आलं असावं, कारण पुन्हा तुम्ही-तुम्ही सुरू केलं. मी पट्टी पुढच्या ओळीवर सरकवली.

सोमवार, १९ मे

सकाळी सर्वांत आधी उतावळ्यांना फोन.

"मिळालं," मी म्हटलं.

"काय मिळालं?"

"रुजवातीत काय मिळणार म्हणून विचारलं होतंत. एक द्वितीयांश मिळाला."

सगळं सांगून झाल्यावर उतावळे हळूच म्हणाले, "मी शुक्रवारीच पाठवा म्हणत होतो."

"म्हणत होतात."

"परीक्षकाने ते पान बघितलं असतं तर—"

या वेळी मी त्यांचं वाक्य पुरं केलं नाही. त्यांनी स्वतःच केलं. मग म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्या कॉलेजात याल का हो? आमच्याकडे असं वाचणारं कुणी नाही." मी म्हटलं, आधी जुन्या फायली पुसा.

फाइल बदलून आकडा जागेवर आणला. पण माझं समाधान होईना. आता आकडा बरोबर छापला जात होता, पण खुणांच्या प्रतीत द्वितीयांश जाऊन तृतीयांश आला याची खूण कुठेच नव्हती. परीक्षकाने नेमकं तेच शोधलं असतं. सूनबाईला विचारलं, दोन्ही प्रतींत टोपणनावं काढून खरी नावं घातली तर? म्हणजे ‘स्टेप’च्या जागी सरळ आकडाच?

"आई, हे मला सुचलं नव्हतं."

जुन्या प्रतीच्या नकलेत सगळीकडे एक द्वितीयांश घातला, नव्या प्रतीच्या नकलेत एक तृतीयांश. मूळ फायलींना हात लावला नाही. प्रोग्रॅम चालवला. आता प्रत्येक ठिकाणी लाल खोडलेला अर्धा आणि त्याला खेटून निळा तृतीयांश. सबंध निबंधभर.

"कसं दिसतंय?" तिने विचारलं.

"चुकलं ते सांगून टाकलं आणि मोकळं झालं, असं दिसतंय."

प्रमेयाची पानं पुन्हा एकदा मोठ्याने वाचली. स्वच्छ प्रत, खुणांची प्रत, उत्तरांचं पत्र, तिन्ही पाठवली. पोच आली. दुपारी दोघी झोपलो, ती पालथी, मी उताणी. चिरंजीव आले तेव्हा घर अंधारात आणि चूल गार. त्यांनी मुकाट्याने अंडी उकडली.

बुधवार, २८ मे

आज तिला मान वर करायची परवानगी मिळाली. बुडबुडा विरत आला आहे, पडदा जागेवर चिकटला आहे. घरी आल्यावर तिने पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही चष्मा कधी बदललात?" तीन वर्षं झाली बदलून.

आता तिला वाचून दाखवायला काही नाही. सकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं, घसा बसू नये म्हणून. थोड्या वेळाने ती येऊन समोरच्या खुर्चीवर बसली. ऐकण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मंगळवार, ८ जुलै

स्वीकारला!

सूनबाईने पत्र उघडलं आणि वाचायच्या आधी माझ्या हातात दिलं. मीच मोठ्याने वाचलं, स्वल्पविरामांसकट. दुसऱ्या परीक्षकाने लिहिलं आहे: खुणांची प्रत इतकी प्रामाणिक आणि इतकी स्वच्छ क्वचित पाहायला मिळते, मूळ दावा कुठे कुठे मागे घेतला ते शोधावं लागलं नाही, निबंध आहे तसा छापावा.

चिरंजीवांनी दवाखाना अर्ध्यावर बंद केला आणि पळत आले. एक पेशंट म्हणे तोंडात कापूस घेऊन बसला आहे. चिरंजीवांना तसंच परत पाठवलं. उतावळ्यांचा फोन आला. या वेळी आमची दोघांचीही वाक्यं अर्धीच राहिली.

शुक्रवार, १८ जुलै

समितीचा निर्णय झाला. कायम. पत्र आज हातात आलं. विभागप्रमुखांनी तिला विचारलं म्हणे, "त्या रुजवातवाल्या बाई कोण?" मला माझा उल्लेख असा व्हायला काही हरकत नाही.

माझं काम संपलं, तेव्हा आज सगळं परत करायचं. छापखान्यात जाणारी अखेरची प्रत सूनबाईने काल स्वतः पाठवली. पण ती माझ्या ताब्यातल्या प्रतीशी ताडून पाहिल्याखेरीज माझी जबाबदारी सुटत नाही. सपाट करून ताडली. टोपणनावांची फाइलही डोळ्यांनी पाहिली. सगळं काळं. अगदी शेवटच्या पानावर, आभारांखाली, एक ओळ निळी. मला न सांगता घातलेली.

तिचा अर्थ असा: "हा निबंध माझ्या आईने मोठ्याने वाचून दाखवला. त्यातली गंभीर चूक त्यामुळे सापडली. तिची ऋणी आहे."

नातं चुकीचं लिहिलं आहे. मी सासू आहे. दुरुस्ती सुचवावी का, याचा बराच वेळ विचार केला. छापखान्याला अजून कळवता आलं असतं. कळवलं नाही.

आज सूनबाईच्या हवाली केलं ते येणेप्रमाणे. निबंधाची पहिली प्रत, तिला धक्का न लावता. दुसरी प्रत. दोन्हींची खुणांची प्रत, सपाट केलेली, टोपणनावं काढलेली. परीक्षकांना दिलेली उत्तरं. १८ मे रोजी ज्यावरून वाचलं ती छापील पानं, चूक सापडली तिथे पट्टीची खूण. संगणकाचा परवलीचा शब्द. तो माझ्यासमोर बदलून घेतला, नवा मी पाहिला नाही. अखेरच्या प्रतीत संमतीवाचून केलेला बदल एक, निळा. मान्य.

तिच्याकडून मिळालं ते: दुसऱ्या निबंधाचा कच्चा मसुदा, रुजवातीसाठी. मिळाला. पहिल्या पानावर टोपणनावांची यादी मी न मागता जोडलेली आहे.